बडोद्यातली आत्मविश्वास चाचणी: टक्का बाजूला ठेवा, दुसरी बैठक घ्या

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा भागातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एका समुपदेशन केंद्राचं पत्रक फिरतंय. नववी ते बारावीच्या मुलांसाठी 'आत्मविश्वास चाचणी', फी २,४०० रुपये. शनिवारी दीड तासाची लेखी चाचणी, आठवड्याने छापील अहवाल आणि त्यानंतर समुपदेशकाबरोबर मुलाची एकट्याची पाऊण तासाची दुसरी बैठक, असं त्याचं स्वरूप. प्रश्नपत्रिका मराठी, गुजराती किंवा इंग्रजीतून मिळते. केंद्राचं नाव इथे मुद्दाम देत नाही. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत त्या अशी चाचणी घेणाऱ्या कुणाच्याही हातून होऊ शकतात, आणि त्या पालकांना स्वतः ओळखता यायला हव्यात.

मत आधीच सांगून टाकतो: प्रश्नावल्या जुन्या आणि नावाजलेल्या आहेत, त्यांवरून काढलेला अहवाल चुकीचा आहे, आणि दुसरी बैठक सगळे पैसे वसूल करून देणारी आहे.

पाकिटात तीन प्रश्नावल्या असतात. पहिली मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ सालची, आत्मसन्मानाची, १० विधानांची. माणूस म्हणून मी स्वतःला किती मोल देतो, एवढंच ती विचारते. दुसरी श्वार्झर आणि येरुसलेम यांची सर्वसाधारण स्वक्षमतेची, तीही १० विधानांची. अडचण आली तर मी ती निभावून नेईन, हा भरवसा किती आहे ते ती पाहते. तिसरी ज्युलियन रॉटर यांची १९६६ सालची, नियंत्रण-केंद्राची. माझ्या बाबतीत जे घडतं त्याची दोरी माझ्या हातात आहे, की नशिबाच्या आणि इतरांच्या, असा तिचा रोख.

घरात आपण या तिन्हींना एकच शब्द वापरतो, 'कॉन्फिडन्स'. इथेच घोटाळा सुरू होतो. गणेशोत्सवात मंडळाच्या नाटकात भरल्या मांडवासमोर बिनधास्त उभा राहणारा मुलगा फिजिक्सचं न्यूमेरिकल आलं की पेन खाली ठेवतो. एखाद्या मुलीला गणित उत्तम जमतं आणि जमतं हे तिला माहीतही असतं, तरी आपण घरात कुणाला नकोच आहोत असं तिला आतून वाटत असतं. तिसऱ्या कुणाला दोन्हीचा त्रास नसतो, पण पेपर कोण तपासणार यावरच सगळं अवलंबून, असं धरून तो शेवटचा महिना वाया घालवतो. तिघांची दुखणी वेगळी, उपायही वेगळे.

आता अहवाल पाहा. पहिल्याच पानावर मोठं रंगीत वर्तुळ आणि त्यात 'आत्मविश्वास निर्देशांक ७१ टक्के'. नमुना अहवालात हा आकडा कसा आला ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात दिलंय: आत्मसन्मान ३० पैकी २१, स्वक्षमता ४० पैकी २९, नियंत्रण २३ पैकी १६. बेरीज ९३ पैकी ६६, म्हणजे ७१ टक्के.

या एका बेरजेत दोन मोठ्या चुका आहेत. रॉटर यांच्या प्रश्नावलीत गुण मिळतात ते बाहेरच्या शक्तींवर बोट ठेवणाऱ्या उत्तरांना. जितके गुण जास्त तितकं नियंत्रण-केंद्र बाहेर. म्हणजे नमुन्यातल्या मुलाला 'बहुतेक गोष्टी माझ्या हातात नाहीत' असं वाटतं म्हणून १६ गुण मिळाले, आणि तेच त्याच्या आत्मविश्वासात जमा झाले. केंद्राच्याच हिशेबाने जायचं तर ते उलटे करून ७ धरायला हवे होते, मग बेरीज ५७ आणि टक्केवारी ६१. दुसरी चूक अशी की स्वक्षमतेच्या प्रश्नावलीत प्रत्येक विधानाला १ ते ४ गुण असतात. दहाही विधानांना सगळ्यात खालचं उत्तर दिलं तरी १० गुण मिळतातच. तिची पट्टी १० पासून ४० पर्यंत जाते, शून्यापासून नाही. पण हे दोन्ही दुरुस्त केलं तरी बेरीज करणंच गैर आहे. ताप, वजन आणि चष्म्याचा नंबर यांची बेरीज करून कुणी 'आरोग्य ७१' म्हणत नाही.

म्हणून अहवाल हातात आला की पहिलं पान उलटून तीन सुटे आकडे मागा, आणि मूळ उत्तरपत्रिकेचे फोटोही मागा. मागितल्यावर ते द्यायला केंद्राने खळखळ केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं.

उत्तरपत्रिका मिळाली की रोझेनबर्गची दहा विधानं आधी तपासा, कारण सगळ्यात जास्त गडबड तिथे होते. त्यातली पाच विधानं सुलटी आहेत आणि पाच उलटी. सुलट्यांना 'पूर्ण सहमत' म्हटलं तर ३ आणि 'पूर्ण असहमत'ला ०. उलट्यांना नेमकं याच्या विरुद्ध. ही उलटापालट करायची राहिली तर काय होतं? स्वतःबद्दल अत्यंत चांगलं मत असलेल्या मुलाला सुलट्यांचे १५ आणि उलट्यांचे ०, बेरीज १५. स्वतःला पूर्ण नालायक समजणाऱ्या मुलाला सुलट्यांचे ० आणि उलट्यांचे १५, बेरीज पुन्हा १५. संपूर्ण वर्गाचे गुण १५ च्या आसपास घुटमळताना दिसले की समजायचं, उलट्या विधानांचे गुण उलटे केलेले नाहीत.

त्यातल्या आठव्या विधानाकडे तर मुद्दाम पाहा. मूळ आशय असा, की स्वतःबद्दल मला आणखी आदर वाटला असता तर बरं झालं असतं. हे खंत सांगणारं, म्हणजे उलटं विधान. केंद्राच्या मराठी प्रतीत ते 'माझ्या मनात स्वतःबद्दल अधिक आदर असावा असे मला वाटते' असं उतरलंय. आपल्याकडच्या मुलाला हे वाचून वाटतं की चांगला विचार आहे, असावाच आदर. तो मोकळ्या मनाने 'पूर्ण सहमत'वर खूण करतो आणि त्याचे तीन गुण जातात. हा दोष एकट्या मराठीचा नाही. श्मिट आणि अलिक यांनी २००५ साली ५३ देशांतली उत्तरं एकत्र तपासली, तेव्हाही हेच विधान बाकीच्या नऊंशी नीट जुळत नसल्याचं दिसलं होतं. केंद्राने निदान वाक्य तरी सुधारून घ्यावं. 'मला स्वतःबद्दल पुरेसा आदर वाटत नाही, याची खंत वाटते' एवढं साधं लिहिलं तर बारावीच काय, नववीच्या मुलालाही अर्थ कळेल.

भाषेचा प्रश्न बडोद्यात वेगळाच आहे. इथली बहुतेक मराठी मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती किंवा इंग्रजी वाचतात. देवनागरी त्यांना येते, पण वाचन सावकाश होतं आणि 'कार्यसिद्धी', 'प्रतिकूल परिस्थिती' असे शब्द आले की ती अंदाजाने खूण करतात. मातृभाषा म्हणून हट्टाने मराठी प्रत घेऊ नका. ज्या भाषेत मूल धडा वाचतं ती प्रत घ्यावी, अडलेला शब्द घरच्या मराठीत समजावून घ्यावा. मात्र पुढे पुन्हा चाचणी द्यायची झाली तर प्रत त्याच भाषेतली हवी, नाहीतर दोन आकड्यांची तुलना करता येत नाही.

रॉटर यांची प्रश्नावली या वयासाठी योग्य नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. २९ जोड्या, प्रत्येकीतून एक वाक्य निवडायचं. त्यातल्या १, ८, १४, १९, २४ आणि २७ या सहा जोड्या नुसत्या भरतीच्या, त्यांना गुण नाहीत. (अहवालात २९ पैकी गुण दिसले तर मोजणाऱ्याला हेही ठाऊक नाही.) मूळ प्रश्नावली अमेरिकी कॉलेज विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेली, त्यात राजकारण आणि युद्धांबद्दलही वाक्यं आहेत. चौदा वर्षांच्या मुलाने त्यावर काय खूण करावी? शाळकरी मुलांसाठी नोविकी आणि स्ट्रिकलंड यांची १९७३ सालची ४० प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली आहे, ती वापरायला हवी. अकरावी-बारावीसाठी हॅना लेव्हेन्सन यांची २४ विधानांची बरी, कारण ती 'बाहेर'चे दोन भाग करते: आठ विधानं स्वतःबद्दल, आठ वजनदार माणसांबद्दल, आठ योगायोगाबद्दल.

हा फरक आपल्या घरांत फार महत्त्वाचा. दहावीनंतर सायन्स घ्यायचं की कॉमर्स, सायन्समध्ये ए ग्रुप (गणित) की बी ग्रुप (जीवशास्त्र), हे आई-बाबा आणि कधी आजोबाही ठरवतात. 'माझं मी ठरवत नाही' असं म्हणणारी मुलगी नशिबावर हवाला ठेवून बसलेली नसते, ती घरातली वस्तुस्थिती सांगत असते. रॉटर यांच्या आकड्यात ही मुलगी आणि खरोखर नशिबावर हवाला ठेवणारी, दोघीही एकाच रकान्यात पडतात. पहिलीला समुपदेशनाची गरज नाही, तिच्या घरच्यांशी बोलण्याची गरज आहे. गुजसेटचा (गुजरातच्या इंजिनिअरिंग-फार्मसी प्रवेश परीक्षेचा) कटऑफ किती लागेल हे खरोखरच मुलाच्या हातात नसतं. ते तसं म्हणणं हा दोष नव्हे. सराव पेपर सोडवणं हातात असतं, आणि तेही हातात नाही असं वाटू लागलं तर मात्र काळजी करावी.

दुसऱ्या बैठकीबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं. समुपदेशक इथे सर्वसाधारण आकडा बाजूला ठेवतात आणि एका ठरावीक कामाची शिडी मुलाकडूनच लिहून घेतात. ही पद्धत थेट मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँड्युरा यांची. स्वक्षमतेची कल्पना त्यांनी १९७७ साली मांडली, ती कामागणिक बदलते असं बजावलं आणि मोजायची कशी तेही नंतर सविस्तर लिहून ठेवलं. कागदावर तीन रकाने असतात: काम, आजची खात्री (० ते १००, दहाच्या टप्प्याने), आणि करून पाहिल्यावर काय झालं. इंटिग्रेशनला घाबरणाऱ्या मुलासाठी शिडी साधारण अशी होते. सोडवलेलं उदाहरण बघून तसंच दुसरं करू शकतो, खात्री ९०. पुस्तक बंद करून सोपी पाच करू शकतो, ७०. पद्धत कोणती हे स्वतः ओळखून पाच करू शकतो, ४०. घड्याळ लावून वीस मिनिटांत मिश्र दहा करू शकतो, १०.

प्रश्न 'करू शकतोस का' असाच हवा. 'करशील का' विचारलं की मूल इरादा सांगतं, आणि इरादे सगळ्यांचेच चांगले असतात. सुरुवात ७० च्या पायरीपासून. ९० चं काम जमलं तर मुलाला ते सोपंच वाटतं, हाती काही लागत नाही. १० चं फसलं तर भीती पक्की होते. एक पायरी दोन वेगवेगळ्या दिवशी जमली की वरची घ्यायची.

घरी हे बिघडतं ते मदतीमुळे. बाबा शेजारी बसून दर ओळीला 'आता काय करायचं?' विचारतात, उदाहरण सुटतं, पण सुटलं ते बाबांमुळे अशी नोंद मुलाच्या मनात होते. मदत द्यायचीच तर सुरुवातीला द्यावी आणि शेवटची दोन उदाहरणं मुलाला एकट्याला करू द्यावीत. बँड्युरांनी भरवशाचे चार स्रोत सांगितले: स्वतः करून जमणं, आपल्यासारख्याच कुणाला जमताना पाहणं, दुसऱ्याने धीर देणं आणि शरीराची अवस्था. पहिला सगळ्यात बळकट. धीर देणं त्या मानाने कमजोर, आणि घरोघरी वापरलं जातं ते हेच. 'तुला येईलच' म्हणून धाडलं आणि आलं नाही, की पुढच्या वेळी म्हणणाऱ्यावरचा विश्वासही जातो. उदाहरण दाखवायचं तर ते रँक आलेल्या चुलतभावाचं नको. गेल्या वर्षी ४५ वर अडकलेल्या आणि यंदा ६५ मिळवलेल्या शेजारच्या ताईचं जास्त कामी येतं.

पाकिटातलं लॅमिनेट केलेलं कार्ड, रोज आरशासमोर 'मी श्रेष्ठ आहे' म्हणायचं, ते मात्र वापरू नका. वुड, पेरुनोविक आणि ली यांच्या २००९ च्या प्रयोगांत ज्यांचा आत्मसन्मान मुळात कमी होता त्यांना अशी वाक्यं घोकल्यावर आणखी वाईट वाटलं. फायदा झाला तो ज्यांना गरज नव्हती त्यांना, तोही थोडा. आणि आत्मसन्मान वाढवला की मार्क वाढतात या समजुतीला २००३ साली बॉमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या मोठ्या आढाव्यात आधार मिळाला नव्हता.

पत्रकातला '३० दिवसांत २० टक्के वाढ' हा दावाही सोडून द्या. महिन्याने तेच प्रश्न समोर आले की मुलाला अपेक्षित उत्तर ओळखीचं झालेलं असतं, आणि पहिल्या वेळी फार खाली गेलेला आकडा काहीही न करता थोडा वर येतोच. तीनचार गुणांच्या फरकावरून निष्कर्ष काढू नये. बदल बघायचा तर शिडीचा तिसरा रकाना बघा.

बसायची व्यवस्था सुधारायला हवी. हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर आया बसतात आणि मुलं मान वळवून त्यांच्याकडे बघत खुणा करतात. पालकांना बाहेर बसवा, आणि अहवाल आधी मुलाच्या हातात द्या. 'आपला काहीच उपयोग नाही' अशा विधानांवर ठाम सहमती दिसली आणि मूल जगणं नकोसं झाल्याचं बोललं, तर चाचणी, शिडी सगळं थांबवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावं. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. अहवालात या क्रमांकाचा उल्लेख नाही, तो पहिल्या पानावर हवा.

नोंदणी करताना दोन गोष्टी विचारून घ्या: नुसती दुसरी बैठक मिळते का (मागितली तर मिळते, ९०० रुपयांत), आणि शिडीचा कागद घरी नेऊ देतात का. मुलाने कोणत्या विषयाची शिडी करायची ते आदल्या दिवशी स्वतःच ठरवून जावं, नाहीतर पाऊण तासातली पंधरा मिनिटं तेवढ्यातच जातात.