खेच 26 इंच की 29? शिकारीचं धनुष्य घेण्याआधी

अमेरिकेत हरणाच्या मोसमासाठी पहिलं साधं, म्हणजे चाकं नसलेलं, धनुष्य घ्यायला गेलेला माणूस आधी पौंड विचारतो, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर. मीही तेच विचारलं आणि 52 इंचांचं आखूड रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं धनुष्य) घेऊन आलो. हातात खेळण्यासारखं हलकं. माझी खेच, म्हणजे मी दोरी जितकी मागे ओढतो ते माप, निघाली 29 इंच. शेवटच्या दोन इंचांत ते एकदम ताठायचं, दोरीचा कोन इतका टोकदार व्हायचा की बाणाच्या खाचेशी बोटं चिमटायची. वीसेक बाणांनंतर अनामिका बधिर.

तेव्हा आधी खेच मोजा. हलकं धनुष्य घ्या, बाण लावा आणि कपडे वाळत घालायचा चिमटा त्या बाणावर, धनुष्याच्या पुढच्या अंगाला टेकवून लावा. नेहमीसारखं ओढा, बाण न सोडता सावकाश परत आणा. चिमट्यापासून खाचेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची खेच. पसरलेल्या हातांच्या मापाला अडीचने भागायचं सूत्र अंदाजापुरतं बरं. साध्या धनुष्याला कोपर थोडं वाकलेलं असतं, म्हणून प्रत्यक्षात बऱ्याचदा इंचभर कमीच भरते. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023 मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले ते कंपाउंडवर, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्यावर. ते धनुष्य ठरवलेल्या खेचेवर आपोआप अडतं. इथे अडवणारं कोणी नाही.

धनुष्यावर ‘45 पौंड, 28 इंच’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे 28 इंच ओढल्यावर 45 पौंड. इंचामागे साधारण अडीच पौंड धरा. मग 26 इंच ओढणाऱ्याच्या बोटांवर 40 येतात, 30 वाल्याच्या बोटांवर 50. राज्यात हरणासाठी किमान पौंडांची अट असेल, तर आखूड खेचेच्या माणसाने हा हिशेब दुकानातच करावा.

52 ते 56 इंचांचं रिकर्व्ह झाडावरच्या मचाणावर आणि तंबूसारख्या आडोशात फार सोयीचं. पातं (धनुष्याचा वाकणारा भाग) ना फांदीला अडकत, ना छताला. खेच 26–27 असेल तर खुशाल घ्या. त्यापुढे मी नाही म्हणेन.

64 ते 68 इंचांचा लाँगबो, म्हणजे टोकं न वळलेलं लांब धनुष्य, अगदी उलटा. खेच 29–30 असली तरी शेवटपर्यंत मऊ ओढला जातो, बोटांना त्रास नाही, आणि सोडताना हात जरा हलला तरी बाण फारसा भरकटत नाही. पण 26 इंचांत त्याची पाती पुरती वाकतच नाहीत, बाण मंद जातो. शिवाय मचाणावर खालचं टोक गुडघ्याला नाहीतर पायऱ्यांना लागतं, आणि हरीण पंधरा यार्डांवर असताना तेवढा ‘टक’ आवाज पुरे.

खेच 27 ते 29 असेल तर 60–62 इंचांचं रिकर्व्ह, तेही सुटी पाती बसवायचं. मधल्या मुठीला आज 35 पौंडांची पाती लावा, वर्षभराने 45 ची. माझं आताचं हेच आहे. दिसायला लाँगबोची सर नाही, हे मान्य.

भारतात 1972 च्या कायद्याने शिकार बंद आहे. तिथे हे सगळं निशाण्याच्या मैदानापुरतंच.

बाण मात्र खेच पक्की झाल्यावरच कापा. आखूड कापला की तो ताठर होतो, आणि फारच आखूड झाला तर पूर्ण ओढल्यावर बाणाचं धारदार शिकारी टोक थेट धनुष्य धरलेल्या बोटांपर्यंत येतं.