घरून काम की ऑफिस? अंध कर्मचाऱ्याच्या बाजूने

घरून काम केलं की लोकलची चेंगराचेंगरी टळते, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) मोठ्याने लावता येतो. अडतं ते मीटिंगमध्ये. समोरच्याने शेअर केलेला स्क्रीन म्हणजे निव्वळ चित्र. एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर त्यातलं काही आपोआप वाचत नाही. म्हणून फाइल आदल्या दिवशीच मेलवर मागावी, आणि स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ओसीआर करूनच, म्हणजे चित्रातल्या अक्षरांचा वाचता येणारा मजकूर बनवून.

ऑफिसात शेजारचा सहकारी कॅप्चा (वेबसाइटवर ओळखायला लावलेली चित्रातली वेडीवाकडी अक्षरं) लगेच वाचून देतो, चहाच्या वेळी बढतीच्या हालचाली कानावर येतात. नोकरीतल्या समाधानात याचा वाटा मोठा. पण रोज टेबल बदलत असेल तर पाठ केलेली वाट फुकट जाते. ठरलेली जागाच मागा. सरकारी आस्थापनेला तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० अशा वाजवी सोयी देणं बंधनकारक करतं.

आमची पसंती: दोन दिवस ऑफिस, बाकी घर. मात्र ते दिवस कर्मचाऱ्याने निवडलेले हवेत.