रिमोटवरच्या नायट्रो बगी गाडीचा महिनाभराचा रिव्ह्यू: गाडी भारी, पण डब्यावरच्या 'रेडी टू रन'वर जाऊ नका

एकास दहा स्केलची फोर व्हील ड्राइव्ह नायट्रो बगी, म्हणजे बॅटरीऐवजी मिथेनॉल-नायट्रोमिथेनच्या फ्युएलवर पळणारी रिमोटची गाडी, पॉइंट १८ चं इंजिन म्हणजे साधारण ३ सीसी, पुल स्टार्ट म्हणजे दोरी ओढून चालू करायची, ७५ सीसीची टाकी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाहीये कारण पुढे शिव्या बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या माझ्या मलाच लागू होतात. ब्रेक-इनच्या, म्हणजे नवीन इंजिन रुळवायच्या, सहा टाक्या आणि त्यानंतर वीसेक टाक्या पळवून झाल्यात, म्हणून आता लिहायला बसलो.

आधी इलेक्ट्रिक चालवायचो त्यामुळे डोक्यात हेच की बॅटरी लावली की सुटली गाडी. इथं डबा उघडला तर इग्नाइटर (इंजिन चालू करताना ग्लो प्लगची तार तापवणारा) नाही, फ्युएल नाही, फ्युएल भरायची बाटली नाही, सेलसुद्धा नाहीत, मग रेडी कुठलं आणि रन कसलं. पहिला दिवस नुसते स्क्रू आवळण्यात गेला. इंजिन माउंटचे दोन स्क्रू तर बोटाने फिरत होते! धातूत बसणारा प्रत्येक स्क्रू काढून थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावला, प्लास्टिकमधल्यांना लावायचं नाही. एअर फिल्टरचा स्पंज कोरडा ठणठणीत, त्याला फिल्टर ऑइल चोळल्याशिवाय गाडी मातीत नेऊच नका, एवढ्याशा इंजिनला चिमूटभर धूळसुद्धा भारी पडते. रेडिओचा फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटला की गाडीला आपोआप ब्रेक लावणारी सोय, पण सेट नव्हता. इंजिन बंद असताना रिमोट बंद करून बघा, सर्व्हो (थ्रॉटल-ब्रेक हलवणारी छोटी मोटर) ब्रेककडे गेला पाहिजे, माझा होता तिथेच थांबला. असंच चालू केलं असतं आणि सिग्नल तुटला असता तर गाडी फुल थ्रॉटलवर कोणाच्या तरी नडगीवर. रिमोट आधी चालू आणि सगळ्यात शेवटी बंद, हे डोक्यात पक्कं बसवा.

आता खरी मजा, पहिलं स्टार्टिंग. दोरी ओढली तर अर्ध्यात अडकली. जोर लावला, तरी अडकली. मला वाटलं इंजिन जाम, माल खराब, रिटर्नचा फॉर्मपण भरायला घेतला होता. नंतर कळलं की नवीन इंजिन असंच असतं. आत पिस्टन ॲल्युमिनियमचा, स्लीव (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) पितळेची आणि तिला आतून क्रोम, रिंग वगैरे काही नाही. स्लीव वरच्या टोकाला मुद्दाम किंचित निमुळती ठेवलेली असते, थंडपणी पिस्टन तिथे चिमटल्यासारखा बसतो, गरम झाल्यावर स्लीव फुगते आणि मग फिटिंग बरोबर येतं. म्हणजे थंड इंजिनला ओढाओढ करणं हाच मूर्खपणा. हेअर ड्रायरने हेड पाच मिनिटं चांगलं तापवलं आणि तीच दोरी लोण्यासारखी ओढली गेली. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही, आणि स्टिकर कुठे लावायचे त्यावर दोन पानं!

तरी चालू होईना. फ्युएल वर आणायला सायलेन्सरच्या तोंडावर बोट ठेवून दोरी ओढतात, ते मी जरा जास्तच उत्साहात केलं आणि इंजिन फ्लड झालं. अशा वेळी दोरी दगडासारखी लागते, अजिबात जबरदस्ती करू नका, आत पातळ फ्युएल भरलंय आणि ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल नाहीतर स्टार्टर तुटेल. ग्लो प्लग काढायचा, गाडी उलटी धरायची, खाली फडकं धरायचं, पाच-सहा वेळा ओढायचं. तोंड लांब ठेवा, पिचकारी येते आणि त्यात मिथेनॉल आहे, डोळ्यात गेलं तर वाट लागेल. हे सगळं करून प्लग परत लावला, तरी नाही. एक तास नीडल (फ्युएल कमी-जास्त करणारा स्क्रू), पाइप, कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर, सगळं उलटंपालटं केलं आणि शेवटी काय निघालं, तर इग्नाइटर चार्जच केला नव्हता. हसा. प्लग बाहेर काढून इग्नाइटरला लावला की तार झगझगीत केशरी दिसायला पाहिजे, ही तपासणी सगळ्यात आधी करायची असते.

ब्रेक-इनबद्दल लोकांची दोन मतं. मॅन्युअल म्हणतं पहिल्या दोन टाक्या स्टँडवर नुसत्या आयडलवर, म्हणजे थ्रॉटल न देता, संपवा. मी एक तशी केली आणि मला ते काही पटलं नाही, रिच मिक्श्चरवर (हवेच्या मानाने फ्युएल जास्त ते रिच, कमी ते लीन) नुसतं आयडल ठेवलं तर इंजिन तापतच नाही, हेड ७० डिग्रीच्या वर जाईना, म्हणजे पिस्टन त्याच चिमट्यात घासत बसणार. दुसऱ्या टाकीपासून हेडला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळली, गाडी खाली सोडली आणि हळूहळू गोल फिरवली, अर्ध्यापेक्षा कमी थ्रॉटल, दोन सेकंद दिला की सोडला. प्लगजवळ टेंपरेचर गनने ९५ ते १०५ डिग्री. नीडल रिच, मागे निळसर-पांढरा धूर भरपूर, पाइपमधून काळपट तेल थुंकतेय, गाडी घोरल्यासारखी चालतेय. हे सगळं बरोबर आहे, घाबरू नका, फ्युएलमधलंच तेल आहे ते. प्रत्येक टाकीनंतर पूर्ण थंड होऊ द्यायची आणि थंड होताना पिस्टन खाली ठेवायचा, नाहीतर आकसणारी स्लीव त्याला वर धरून ठेवते. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनसोबत फिरणाऱ्या चाकावर, मार्करने खूण केली की पिस्टन कुठे आहे ते लगेच कळतं. टाकी संपायला मिनिटं मोजकी आणि थंड व्हायला अर्धा तास, धीर नसेल तर इलेक्ट्रिकच बरी.

तिसऱ्या टाकीला जो घोळ झाला तो मात्र कंपनीचाच. आयडल कधी वर कधी खाली, थ्रॉटल सोडला तरी इंजिन किंचाळत राहायचं, नीडल कितीही फिरवा फरक शून्य. सर्व्हिसला लिहिलं तर चार दिवसांनी उत्तर, फॅक्टरी सेटिंगवर आणा. अरे तिथूनच तर सुरू केलं! नीडलला दाद देत नाही म्हणजे कुठेतरी हवा शिरतेय किंवा प्रेशर सुटतंय, हे गृहीत धरूनच शोधा. रिकामी टाकी काढली, एक नळी बंद केली, दुसरीतून फुंकलं आणि टाकी पाण्यात बुडवली, तर झाकणातून बुडबुडे. सायलेन्सरमधून येणाऱ्या प्रेशरने फ्युएल पुढे ढकललं जातं, ते झाकणातून सुटलं की मिक्श्चर आपोआप लीन. ओ-रिंग कापलेली होती. रुपयांत मोजायला गेलं तर हसू येईल असा पार्ट, आणि त्याच्यापायी इंजिन गेलं असतं. ती बदलली, सोबत बॅकप्लेटचे, म्हणजे इंजिनच्या मागच्या झाकणाचे, स्क्रू आवळले, गाडी शांत.

सहा टाक्यांनंतर ट्यूनिंग. नीडल एका वेळी घड्याळाच्या एका तासाएवढीच फिरवायची, आत म्हणजे लीन, बाहेर म्हणजे रिच, आणि फिरवल्यावर एक-दोन चकरा मारून मगच पुढचं. लो स्पीड नीडल, म्हणजे कमी वेगाचं मिक्श्चर ठरवणारी दुसरी नीडल, तिच्यासाठी इंजिन गरम असताना आयडलला फ्युएलची नळी चिमटीत दाबून धरा, दोन-तीन सेकंदांत आवाज किंचित चढून बंद पडली तर बरोबर, लगेच मेली तर लीन, खूप वेळ चढत बसली तर रिच. आता माझी ११० ते ११५ डिग्रीवर चालते, १३० च्या आसपास आकडा दिसला की मी सरळ बंद करतो. आकडा बरा दिसला तरी मागे धुराची रेघ हवीच, धूर गायब आणि सरळ रस्त्यावर दम सुटायला लागला तर लीन झालीय, मग गन काहीही म्हणो.

चालायला म्हणाल तर पैसे वसूल. गरम असताना दुसऱ्या ओढीत चालू होते, पिकअपचा तो आवाज इलेक्ट्रिकवाल्यांना कळायचा नाही. ब्रेक मात्र फुसके, डिस्कवर तेल उडतं आणि मग नुसती घसरते. एका चाकाचा टायर रिमवरून सुटला, तो परत चिकटवला. दोरीही एकदा उत्साहात पूर्ण बाहेर ओढली आणि स्प्रिंग मागे येईना, तेव्हापासून वीतभरच ओढतो.

पाचपैकी साडेतीन स्टार. घेणार असाल तर दोन जादाचे प्लग आणि टेंपरेचर गन त्याच दिवशी मागवा. आणि चालवून झाल्यावर टाकी रिकामी करून, इंजिनमध्ये उरलेलं जाळून, कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर-रन ऑइलचे (गंज रोखणाऱ्या तेलाचे) चार थेंब टाकून दोरी ओढा, मिथेनॉल हवेतली ओल खेचतं आणि बेअरिंगला गंज चढतो. मी एकदाच आळस केला, आठवडाभराने फ्लायव्हील फिरवलं तर आतून खरखर ऐकू आली. नवीन बेअरिंग मागवलंय, अजून आलेलं नाही.