डिकॅफ की सकाळचा एकच कप?

कॉफीने छातीत धडधडतं, हात थरथरतात, तरी कॉफी काही सोडवत नाही, अशांपुढे बहुधा दोनच वाटा उरतात: सकाळी नेहमीच्या कॉफीचा एकच कप, नाहीतर सरळ डिकॅफ, म्हणजे बहुतेक कॅफीन काढून टाकलेली कॉफी. मी दोन्ही करून पाहिलं आहे.

चवीत पहिला पर्याय जिंकतो. डिकॅफ जरा बोथट लागते. दूध घालून पिणाऱ्यांना फरक तेवढा जाणवणार नाही. तरतरीही पहिल्यातच. निरोगी प्रौढाला दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन सहसा चालतं आणि मोठ्या कपात असतं साधारण शंभराच्या आसपास. म्हणजे हिशेबाने एक कप किरकोळच.

माझं घोडं अडलं ते भलतीकडे. कप संपला की अर्ध्या-पाऊण तासात धडधड सुरू व्हायची, तळहात ओले. सगळी लक्षणं चिंतेचीच. मग ही धडधड कॉफीची, की खरंच कशाची काळजी लागली आहे, हेच कळेना! मन कारण शोधायला निघायचं, आणि शोधलं की सापडतंच: न दिलेलं उत्तर, तुंबलेलं काम, कुणाचं तरी तुटक बोलणं. कॅफीन ओसरलं तरी उकरून काढलेली काळजी जागची हलायची नाही. त्यात अर्धं कॅफीन उतरायलाच सरासरी पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट.

डिकॅफही अगदी कॅफीनमुक्त नसते; कपाला 2 ते 15 मिलिग्रॅम राहतंच. पण आता धडधडलं तर कॉफीवर संशय जात नाही. चिंता कमी झाली असं छातीठोकपणे नाही सांगणार. आली की तीच आहे एवढं मात्र कळतं, आणि मला ते पुरतं.

एका कपाने ज्यांना काहीच होत नाही (कॅफीन कुणाला किती सोसतं यात आनुवंशिकतेचाही हात असतो), त्यांनी उगाच चव का सोडावी? पॅनिक अटॅक येत असतील तर मात्र मी डिकॅफच सुचवीन. फ्लुव्होक्सामिनसारखं नैराश्यावरचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्याने कॅफीन शरीरात फार रेंगाळतं.

आणि बदल एका दिवसात नको. कॅफीन अचानक तोडलं की 12 ते 24 तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, आणि तीही चिंतेसारखीच भासते. त्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे दोन्ही पावडरी मिसळून नेहमीचीचं प्रमाण हळूहळू उतरवत न्यावं.