धोडप हा मृत ज्वालामुखी आहे का? एका रविवारच्या भूशास्त्र सहलीबद्दल

मी नाशिकच्या एका शाळेत भूगोल शिकवते. ‘जागृत, निद्रिस्त, मृत’ हे ज्वालामुखीचे तीन प्रकार फळ्यावर लिहीत बावीस वर्षं झाली. पण समोरचा डोंगर मृत ज्वालामुखी आहे की नुसताच उंच डोंगर, हे उभ्या उभ्या कसं ओळखायचं ते मला कुणी दाखवलं नव्हतं. बहिणीचा मुलगा आठवीत आहे. कुठलासा व्हिडिओ बघून तो सारखं म्हणायचा, “मावशी, धोडप म्हणजे विझलेला ज्वालामुखीच. आकार बघ ना!” म्हणून नोव्हेंबरात आम्ही दोघांनी चांदवडजवळच्या या धोडप डोंगराच्या भूशास्त्र सहलीत नाव घातलं. माणशी ९०० रुपये, त्यात बस, नाश्ता आणि जेवण.

आधी तक्रारी. बस नाशिकच्या द्वारका चौकात पाऊण तास उशिरा आली. ३१ माणसांना वाटाड्या एकच, त्यामुळे मागच्यांना निम्मं ऐकूच गेलं नाही. भिंगं चार होती, ती पुढच्यांच्याच हातात राहिली.

वाटाड्या मात्र अव्वल. भूशास्त्र शिकलेला तरुण मुलगा. वडाळीभोईहून आत वळल्यावर धोडांब्याजवळ त्याने बस थांबवली, प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पट्टी दिली आणि म्हणाला, “हात लांब करून पट्टी आडवी धरा. डोंगराचा आकार विसरा, कातळाचे थर बघा.” धोडपचे काळे पट्टे पट्टीला जवळजवळ समांतर होते. शेजारच्या डोंगरांचेही तसेच. ज्वालामुखीचा शंकू मध्यावर लाव्हा, राख आणि दगडगोटे साठून वाढतो, त्यामुळे त्याचे थर सगळीकडून बाहेर, उताराच्या दिशेने कललेले असतात. आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा पाण्यासारखा पसरला, एकावर एक थर बसले आणि पुढे नद्या-ओढ्यांनी ते कोरले. कळसूबाई (१६४६ मीटर) काय, ब्रह्मगिरी काय, हे सगळे त्या थरांचे कोरून उरलेले भाग. दगड ज्वालामुखीचा आहे, डोंगर ज्वालामुखी नाही. हे वाक्य मी त्याच दिवशी माझ्या टाचणवहीत लिहिलं.

पायथ्याच्या हट्टी गावातून चढताना त्याने दोन थरांमधली लालसर माती दाखवली. एक लाव्हा थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला, त्याची ती खूण. वर धोडपची ती प्रसिद्ध कातळभिंत आहे, मध्ये खाच असलेली. भाच्याला तेच ज्वालामुखीचं तोंड वाटलं होतं. ती डाईक आहे, म्हणजे उभ्या भेगेत लाव्हा शिरला आणि तिथेच थिजला. आजूबाजूचा खडक झिजून गेला, भिंत उरली. माझ्या दृष्टीने सहलीतली सगळ्यात मोलाची जागा हीच, आणि नेमकी तिथे वीस मिनिटंच मिळाली, कारण निम्मा वेळ ग्रुप फोटोत गेला. इथे तासभर बसायला हवं होतं.

जेवण हट्टीतल्या एका घरी. पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा. मावशींनी आग्रहाने वाढलं, कुणी पोटभर जेवल्याशिवाय उठलं नाही.

जेवणानंतर ओसरीवर त्याने लॅमिनेट केलेली चित्रं मांडली, आणि माझी बरीच समजूत तिथे बदलली. विवर नाही म्हणून ज्वालामुखी नाही, असं म्हणता येत नाही. माउंट केनियाचं (५१९९ मीटर) विवर केव्हाच झिजून गेलंय, आज दिसणारी शिखरं म्हणजे त्याच्या नळीत घट्ट झालेला खडक. किलीमांजारोच्या तीन शंकूंपैकी मावेन्झी मृत आहे आणि इतका झिजलाय की तो ज्वालामुखी वाटतच नाही. उलट लोणारला वाटोळा खळगा आहे, पण तो उल्केचा. एव्हरेस्टच्या (८८४९ मीटर) माथ्यावर समुद्रात तयार झालेला चुनखडक आहे, म्हणजे उंच असला तरी तो ज्वालामुखी नाही. आणि दक्षिण अमेरिकेतलं आकोन्काग्वा, ६९६१ मीटर: अंगात ज्वालामुखीचे खडक भरपूर, तरी तो ज्वालामुखी नाही, भूकवच दाबलं जाऊन उचललेला पर्वत आहे. आपल्या सह्याद्रीशी त्याचं हे साम्य ऐकून भाचा गप्पच झाला. मग त्याने विचारलं, “दादा, मग भारतात खरा ज्वालामुखी कुठे?” अंदमानातलं बॅरन बेट, उत्तर आलं.

पाचपैकी चार तारे. एक तारा गर्दी आणि उशिरासाठी कापला. जायचं असेल तर नाव नोंदवताना वीसच्या आतली तुकडी मागा, स्वतःचं दहापट भिंग न्या, आणि पावसाळ्यात मुळीच नको, कारण धुक्यात थर दिसत नाहीत. पट्टी परत द्यावी लागते. आमच्याकडची मात्र परतीच्या बसमध्ये चांदवडचे डोंगर दिसेनासे होईपर्यंत खिडकीलाच लागलेली होती.