टॉर-सिग्नल स्वतः कम्पाइल करायचंय: डब्ल्यूएसएल, व्हर्च्युअलबॉक्स की कंटेनर?

हातात विंडोजचा लॅपटॉप, आठ किंवा सोळा जीबी रॅम, आणि डोक्यात आलंय की टॉर (ओळख लपवून इंटरनेट वापरायचं साधन) किंवा सिग्नल (सुरक्षित मेसेजिंग अॅप) तयार डाउनलोड करण्याऐवजी सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, स्वतः बिल्ड करून बघावं. रस्ते तीन: डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय), व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) डेबियन लिनक्स, किंवा डॉकर-पॉडमनचा कंटेनर (प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेला वेगळा कप्पा). लॅपटॉपवर थेट लिनक्स टाकणं हा चौथा आणि सगळ्यात सरळ रस्ता, पण ज्याने ते आधीच केलंय तो हे वाचत बसणार नाही.

निवड करण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा. कोड समजून घ्यायचाय, त्यात बदल करून बघायचाय? की फोनवर आलेली फाइल खरंच जाहीर केलेल्या कोडमधूनच निघालीय का, हे तपासायचंय? पहिल्या कामाला सोय हवी. दुसऱ्याला दोन वेगळ्या मशीनवर बाइट-न्-बाइट तेच निघेल असं वातावरण हवं. बहुतेक लोक सोयीचं साधन घेतात आणि त्याच्याकडून पडताळणीची अपेक्षा ठेवतात. घोळ तिथे होतो.

आणि वातावरणाला एवढं महत्त्व का, त्याचं उत्तर २०१५ सालच्या एक्सकोडघोस्ट प्रकरणात आहे. चीनमध्ये अॅपलच्या सर्व्हरवरून एक्सकोड, म्हणजे आयफोनची अॅप बनवायचं साधन, उतरवायला फार वेळ लागायचा, म्हणून अनेक डेव्हलपरांनी बायदूवर कुणीतरी ठेवलेली प्रत घेतली. त्या प्रतीने बिल्ड केलेल्या अॅपमध्ये परका कोड गुपचूप शिरत होता. वीचॅटची एक आवृत्तीही त्यात सापडली. डेव्हलपरांनी लिहिलेला सोर्स मात्र स्वच्छ होता, कितीही वाचला असता तरी त्यात काही दिसलं नसतं. म्हणून तिन्ही रस्त्यांना एक नियम लागू: कम्पायलर आणि लायब्रऱ्या डिस्ट्रोच्या (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्सच्या) सही केलेल्या भांडारातूनच घ्यायच्या, कुणाच्या ड्राइव्ह-लिंकवरून नाही.

डब्ल्यूएसएल २: सुरुवात सगळ्यात सोपी

एक कमांड, एक रीस्टार्ट, आणि उबुंटू हजर. विंडोज होम असलं तरी चालतं. टॉरच्या सी भाषेतल्या मूळ प्रोग्रॅमसाठी लागतं ते थोडकं: बिल्ड-इसेन्शियल, ऑटोमेक, पीकेजी-कॉन्फिग, आणि लिबइव्हेंट, ओपनएसएसएल, झेडलिब या तिघांची ‘डेव्ह’ पॅकेजं. नुसती लायब्ररी असून भागत नाही. हेडर फाइल्स ‘डेव्ह’मध्ये असतात आणि कॉन्फिगर (बिल्डआधी सगळं हजर आहे का ते तपासणारी स्क्रिप्ट) बहुतेक वेळा तिथेच अडतं. गिटवरून घेतलेला कोड असेल तर पुढचा अडथळा मॅन्युअलचा: मॅन्युअलची पानं बनवणारं आस्कीडॉक नसेल तर बिल्ड थांबतं. ते पॅकेज टाका, नाहीतर कॉन्फिगरला आस्कीडॉक बंद ठेवायला सांगा. मॅन्युअलची पानं नसली तर टॉरचं काही अडत नाही.

खरी गोची वेगळीच आहे. विंडोजच्या सवयीने लोक कोड सी ड्राइव्हवर, डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात आणि डब्ल्यूएसएलमधून तिथे जाऊन मेक, म्हणजे बिल्डची कमांड, चालवतात. डब्ल्यूएसएल २ हे आतून एक छोटं व्हर्च्युअल मशीन आहे. सी ड्राइव्हपर्यंत ते नाइनपी नावाच्या नेटवर्क प्रोटोकॉलने पोचतं. हजारो छोट्या फाइल्स उघडणाऱ्या बिल्डला हा वळसा फार महाग पडतो. त्यात कोड विंडोजच्या गिटने घेतला असेल तर ओळींच्या शेवटी जादा कॅरेज-रिटर्न चिकटतो आणि ऑटोजेनची स्क्रिप्ट ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून पहिल्याच ओळीला आपटते. दोन्हींवर इलाज एकच: क्लोन डब्ल्यूएसएलच्या आतल्या गिटने, आतल्याच होम फोल्डरमध्ये करायचा.

मेमरीचंही बघून घ्या. डब्ल्यूएसएल मुळात निम्मी रॅम घेतं, म्हणजे आठ जीबीच्या लॅपटॉपवर चार. सी-टॉरला ती पुरून उरते. आर्टी, म्हणजे रस्ट भाषेत नव्याने लिहिलेला टॉर, तितका सोशिक नाही. एकाच वेळी चालणारी कामं कमी केली नाहीत तर लिंकिंगच्या, म्हणजे शेवटी सगळे तुकडे जोडायच्या, वेळी प्रोसेस मरते आणि पडद्यावर फक्त ‘किल्ड’ एवढंच दिसतं. शिवाय डेबियन-उबुंटूच्या भांडारातला रस्ट बऱ्याचदा आर्टीला हवा त्यापेक्षा जुना असतो, म्हणून रस्टअप, म्हणजे रस्टचा स्वतःचा इन्स्टॉलर, वापरावं लागतं. तेवढ्यापुरता वरचा नियम थोडा सैल करावा लागतो.

डब्ल्यूएसएलची कमजोर बाजू म्हणजे भिंत. सी ड्राइव्ह आत आपोआप दिसतो, आतून विंडोजचे प्रोग्रॅम चालवता येतात. अनोळखी बिल्ड-स्क्रिप्टला तुमच्या कागदपत्रांपर्यंत जायला काहीच अडसर नाही. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फ फाइलमध्ये ऑटोमाउंट आणि इंटरऑप बंद करता येतात. ते करा, पण त्यावर विसंबून राहू नका.

व्हर्च्युअलबॉक्स: भिंत जाड, चाल संथ

इथे तुम्ही डेबियनची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) उतरवता, तिचा एसएचए-५१२ चेकसम (फाइल बदलली नाही ना हे सांगणारा ठसा) आणि त्या चेकसमच्या फाइलवरची सही तपासता, मग इन्स्टॉल करता. सही तपासायचा कंटाळा करणार असाल तर हा सगळा खटाटोप कशाला, असं माझं सरळ मत आहे. शेअर्ड फोल्डर आणि सामायिक क्लिपबोर्ड बंद ठेवायचे, टूल्स टाकून झाल्यावर स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची प्रत, घ्यायचा आणि मगच कोड आणायचा. काही बिघडलं, संशय आला, की परत त्या स्नॅपशॉटवर. ही सोय डब्ल्यूएसएलमध्ये इतक्या सहज मिळत नाही.

एक गोष्ट मात्र नीट बघा: मशीन चालू असताना खालच्या पट्टीवर हिरवं कासव दिसतंय का? दिसलं तर व्हर्च्युअलबॉक्स हायपर-व्हीच्या (विंडोजच्या स्वतःच्या व्हर्च्युअल मशीन व्यवस्थेच्या) आडून चालतंय आणि वेग बराच पडतो. डब्ल्यूएसएल २ चालू असेल, किंवा विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ चालू असेल, तर हे होतं. म्हणजे दोन्ही साधनं एकाच लॅपटॉपवर पूर्ण वेगाने नांदत नाहीत. शिवाय इथे रॅम आधीच वेगळी काढून द्यावी लागते. आठ जीबीत ब्राउझरही उघडा ठेवायचा असेल तर जीव मेटाकुटीला येतो.

कंटेनर: पडताळणीचं घर

फाइल तपासायचीच असेल तर वाद नाही, कारण निवड तुमची नसतेच. प्रोजेक्टने जी कृती दिलीय तीच चालवायची. सिग्नलने अँड्रॉइड अॅपसाठी पडताळता येणारी बिल्ड २०१६ मध्ये जाहीर केली, आणि त्यासाठीची डॉकरफाइल, म्हणजे कंटेनर कसा बांधायचा याची कृती, त्यांच्याच कोडमध्ये आहे. फोनमधल्या आवृत्तीचा नेमका टॅग (कोडमधली त्या आवृत्तीची खूण) घ्यायचा, कंटेनरमध्ये बिल्ड करायची, फोनवरून एपीके (अॅपची फाइल) काढायची आणि त्यांच्या एपीकेडिफ स्क्रिप्टने दोन्ही ताडून पाहायच्या. सही वेगळी असणारच, कारण सिग्नलची खाजगी किल्ली तुमच्याकडे नाही. स्क्रिप्ट तेवढा भाग सोडून देते. टॅग एका आकड्याने चुकला तरी फरकांची रांग लागते आणि उगाच धसका बसतो.

स्वतःची डॉकरफाइल लिहिणार असाल तर ‘डेबियन लेटेस्ट’ लिहू नका. ते लेबल आज एका इमेजवर असतं, उद्या दुसऱ्या. इमेज तिच्या डायजेस्टने (न बदलणाऱ्या ठशाने) पक्की करा आणि पॅकेजं स्नॅपशॉट-डेबियनवरच्या (डेबियनच्या जुन्या पॅकेजांच्या संग्रहावरच्या) ठरलेल्या तारखेची घ्या. रस्टचे क्रेट (लायब्रऱ्यांची पॅकेजं) आधी उतरवून ठेवले तर प्रत्यक्ष बिल्ड नेटवर्क तोडून चालवता येते. ऐन वेळी बाहेरून काही ओढलं जात नाही याची ती सगळ्यात स्वस्त खात्री.

कंटेनर म्हणजे तिजोरी असाही समज नको. लिनक्सवर डॉकर ग्रुपमध्ये असलेला माणूस व्यवहारात रूटच, म्हणजे मशीनचा पूर्ण मालकच, असतो. रूटविना चालणारा पॉडमन त्यापेक्षा बरा. आणि विंडोजवर डॉकर डेस्कटॉप सहसा डब्ल्यूएसएल २ वरच उभा असतो, म्हणजे कासवाचा प्रश्न इथेही आहेच.

वीज जाणाऱ्या गावात राहत असाल तर हेही ऐका: मधेच लॅपटॉप बंद पडला तर मेक आधी तयार झालेल्या फाइल्स धरून पुढे चालतं, पण डॉकर-बिल्डमधली अर्धवट पायरी पहिल्यापासून सुरू होते. लांबलचक कम्पाइल एकाच पायरीत कोंबलं असेल तर बॅटरीकडे लक्ष ठेवा.

माझी शिफारस: शिकायला, पॅच करून बघायला डब्ल्यूएसएल. कोड ज्यांचा आहे त्यांच्यावर पुरता भरवसा नसेल तर व्हर्च्युअलबॉक्स, तोही सोळा जीबी असतील तरच. सिग्नल ताडून बघायला कंटेनर. टॉर ब्राउझर पूर्ण बिल्ड करायचा विचार असेल तर हे तिन्ही बाजूला ठेवा. त्याची बिल्ड २०१३ पासून पडताळता येते आणि त्यासाठी आता आरबीएम नावाची प्रोजेक्टची स्वतःची व्यवस्था आहे, पण फायरफॉक्सएवढा डोंगर आणि त्याचे कम्पायलरही त्यात सोर्सपासून बांधले जातात. त्याला भरपूर डिस्क असलेलं, रात्रभर चालू ठेवता येईल असं लिनक्सचं डेस्कटॉप मशीन बघा.