एअर रायफलवर ४-१२×४० एओ स्कोप: उन्हाळा ते थंडी वापरून

स्प्रिंगवाल्या ४.५ मिमी एअर रायफलवर हा स्कोप, म्हणजे ४ ते १२ पट मोठं दाखवणारी, पुढे ४० मिमी भिंग असलेली नेम धरायची दुर्बीण, उन्हाळ्यात चढवला, आता थंडी आलीय. मारतो ते कागदी टार्गेट आणि पत्र्याचे गोल, १० ते ४० मीटरवर, मागे मातीचा बांध. काच, रंग, रेटिकलची (आत दिसणाऱ्या क्रॉसहेअरच्या फुलीची) जाडी यावर भरपूर लिहिलेलं सापडेल. मी लिहितोय ते मुख्यतः पुढच्या एओ (अ‍ॅडजस्टेबल ऑब्जेक्टिव्ह) कड्याबद्दल, जे फिरवून स्कोप टार्गेटच्या अंतराला जुळवतात, कारण जास्तीचे पैसे त्याचेच मोजावे लागतात.

कडं नसलेल्या मोठ्या रायफलच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी क्रॉसहेअर टार्गेटवरून हलत नाही ते अंतर, बहुतेक वेळा कारखान्यातच १०० यार्डांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरवर पक्का केलेला असतो. तोच स्कोप १० मीटरवर वापरला तर टार्गेटची प्रतिमा आत रेटिकलच्या पातळीवर पडत नाही आणि डोळा हलला की क्रॉसहेअरही टार्गेटवर सरकतो. किती? पुढच्या भिंगाच्या व्यासाचा अर्धा घ्या, दोन अंतरांतल्या फरकाने गुणा, पक्क्या केलेल्या अंतराने भागा. ४० मिमी भिंगाला १० मीटरवर जवळजवळ १८ मिमी येतं, तेही एका बाजूला. १० मीटर एअर रायफलचं अख्खं टार्गेट ४५.५ मिमीचं असतं. रायफल जागेवर, छर्रे चांगले, तरी ग्रुप (छर्ऱ्यांच्या छिद्रांचा पुंजका) पसरतो आणि लोक बॅरल घासत बसतात.

आकडा कमाल आहे हे खरं. डोळा अगदी मधोमध असेल तर चूक शून्य. पण वाकून, बसून, गुडघ्यावर टेकून मारताना गाल दर वेळी दस्त्यावर त्याच जागी पडत नाही. त्यात १२ पट मोठं करून पाहत असाल तर डोळ्याच्या तेवढ्याच हालचालीला ४ पटीच्या तिप्पट चूक होते. म्हणून बसून मारताना मी झूम ८च्या वर फारसा नेत नाही.

जुळवणी करताना आधी डोळ्याजवळचं, रेटिकल स्पष्ट करणारं कडं. रिकाम्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे स्कोप धरायचा, एक नजर टाकायची, लगेच बाजूला बघायचं. टक लावून पाहिलं की डोळाच सावरून घेतो आणि धूसर रेटिकलही स्पष्ट वाटायला लागतं. हे एकदाच करायचं. मग रायफल सँडबॅगवर ठेवून, तिला हात न लावता, स्कोपमागे डोकं हळूच वर-खाली हलवायचं. खिडकीच्या गजाआडून समोरचा विजेचा खांब पाहताना डोकं उजवीकडे नेलं की गज डावीकडे जातो, कारण तो जवळ आहे. इथेही तेच: क्रॉसहेअर डोक्याच्या उलट दिशेला गेला तर कडं टार्गेटपेक्षा जवळच्या अंतरावर लागलंय, ते लांबच्या बाजूला फिरवा, डोक्याबरोबर गेला तर जवळच्या बाजूला. क्रॉसहेअर चिकटून बसला की झालं. चित्र स्पष्ट दिसतंय म्हणून थांबू नका. चित्र लख्ख असतानाही क्रॉसहेअर थोडा सरकताना मी नेहमी पाहतो.

कड्यावर छापलेल्या आकड्यांचं काय? माझ्या स्कोपवर ते शोभेपुरते आहेत. टेपने मोजलेल्या २५ मीटरला कडं भलत्याच रेघेवर जुळतं, आणि मे महिन्याच्या दुपारी जुळलेली जागा डिसेंबरच्या सकाळी थोडी हललेली असते. फील्ड टार्गेटवाले (न सांगितलेल्या अंतरांवरची टार्गेटं मारणारे) साइड फोकसच्या, म्हणजे एओचंच काम करणाऱ्या स्कोपच्या बाजूच्या, मोठ्या चाकावरून अंतर ओळखतात, तेही उन्हातल्या या सरकण्याला वैतागलेले असतात. मी कड्याभोवती कागदी पट्टी चिकटवून स्वतःच्या खुणा केल्यात आणि कडं नेहमी लांबून जवळ असंच फिरवतो. उलट आणलं की आट्यांतली ढील मध्ये येते.

तक्रारी आहेत. कडं स्कोपच्या टोकाला, त्यामुळे ते फिरवायला पवित्रा मोडून हात पुढे न्यावा लागतो. साइड फोकस इथे सरळ जिंकतो. थंडीत कडं जड जातं. स्प्रिंगवाली रायफल आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, त्यामुळे बॉक्सवर एअरगनसाठी असं लिहिलेलं नसेल तर घेऊ नका, भले तो स्कोप मोठ्या रायफलवर चालत असो. माझा अजून टिकलाय, झिरोही (एकदा जुळवलेला नेम) हललेला नाही, पण मागे सरकू नये म्हणून स्कोप धरणाऱ्या माउंटमागे स्टॉप लावलाय.

ऑलिंपिकच्या वाटेवर असलेल्या मुलांना यातलं काही लागत नाही. त्या रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. स्वप्नील कुसाळेने २०२४ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ मिळवलं ते डायॉप्टर साइटवर, जिचं बारीक भोकच डोळ्याला मध्यावर आणतं.

एकाच अंतरावर मारणाऱ्याने पैसे वाचवावेत. ५० यार्डांवर पक्का केलेला रिमफायर (.२२ रायफलचा) स्कोप ५० मीटरवर जेमतेम २ मिमी चुकेल, ३० मीटरवर ७. पॅरॅलॅक्स पक्का केलेला स्कोप आधीच घेतला असेल तर पुढच्या भिंगावर २० मिमी भोकाची काळी पुठ्ठ्याची चकती बसवा. प्रकाश कमी होतो, संध्याकाळी तर फारच, पण चूक निम्म्यावर येते. १० ते ४० मीटरमध्ये अंतर सतत बदलणाऱ्याने मात्र एओ किंवा साइड फोकसच घ्यावा, आणि घेताना जवळात जवळचं अंतर १० मीटर किंवा त्याहून कमी आहे ना, ते आधी पाहावं.